१४ फुटी लाकडी डिंगी : तीन हंगामांनंतरचा अभिप्राय

तीन वर्षांपूर्वी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील एका परसात, माडाच्या झावळ्यांखाली पालथी घालून ठेवलेली एक १४ फुटी लाकडी डिंगी, म्हणजे वल्ह्यांवर आणि शिडावर चालणारी छोटी होडी, मी ८५ हजार रुपयांना विकत घेतली, टेम्पोतून घाट चढवून कोल्हापूरला आणली आणि त्यानंतर तिच्यावर आणखी सुमारे दीड लाख रुपये खर्च केले. एवढ्या पैशांत फायबरची वापरलेली, पण चांगल्या स्थितीतील डिंगी शिडासकट दारात आली असती, हे व्यवहार करतानाही मला ठाऊक होते. तीन हंगाम ती पाण्यात वापरून झाल्यावर, अशी होडी घेण्याचा विचार ज्यांच्या मनात घोळतो आहे त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

कोल्हापुरात होडी म्हटले की लोकांना रंकाळ्यावरची पायडल मारायची बदके आठवतात, नाहीतर महापुरात दाराशी आलेली रबरी बोट. त्यामुळे गल्लीत टेम्पोतून डिंगी उतरवली तेव्हा शेजारच्या मुलाने "काका, ही कुठं सोडायची म्हणायची? रंकाळ्यात मावंल न्हवं?" असे विचारले, त्यात त्याचे फारसे चुकले नाही. कोल्हापूरकरांचा समुद्राशी संबंध काय, असे गंभीरपणे विचारणाऱ्यांना मात्र मी आठवण करून देतो की, १८१२ च्या तहात मालवण बंदर इंग्रजांच्या हाती जाईपर्यंत ते कोल्हापूरच्या छत्रपतींचे होते, आणि सिंधुदुर्गाच्या तटाखाली आपली गलबते नांगरलेली असत. माझा स्वतःचा संबंध याहून साधा आहे. मुंबईत महाविद्यालयात असताना मी एन.सी.सी.च्या नौदल शाखेत होतो आणि तेथे व्हेलर नावाच्या २७ फुटी लाकडी नावेची वल्ही मारून हाताला घट्टे पाडून घेतले होते.

या व्हेलरविषयी थोडे सांगितल्याशिवाय माझ्या डिंगीचे कुळ लक्षात येणार नाही. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर कामाच्या ज्या लाकडी नावा टांगलेल्या असत, त्यांतली ही सर्वांत ओळखीची नाव होती : २७ फूट लांब, ६ फूट रुंद, दोन्ही टोकांना निमुळती, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशा पाच वल्ह्यांनी चालणारी, आणि वारा मिळाला तर शिडावरही जाणारी. माणूस पाण्यात पडला तर त्याला काढायला तीच जात असे, आणि रविवारी शर्यतीलाही तीच उतरत असे. आपल्या नौदलाने हा वारसा तसाच पुढे चालवला, आणि आमच्या पिढीतील कॅडेटना 'डी.के. व्हेलर' हे नाव अजूनही पाठ आहे, डी.के. म्हणजे पाण्याखाली सोडता आणि वर ओढता येणारा कणा. १४ फुटी सेलिंग डिंगी ही या कुटुंबातली धाकटी. नौकानयनाच्या सरावासाठी आणि किरकोळ ये-जा करण्यासाठी ती जहाजावर असे, आणि बांधणी थोरलीसारखीच असे.

ही बांधणी हेच या होडीचे पहिले आकर्षण आहे. हिच्या फळ्या कडेला कड भिडवून बसवलेल्या नसतात. घराच्या छपरावर कौले एकावर एक चढवावीत तशी प्रत्येक फळी खालच्या फळीवर बोटभर चढवलेली असते, आणि त्या चढीव भागातून तांब्याचे चौकोनी खिळे आरपार काढून, आतल्या बाजूला तांब्याची वाटीसारखी चकती घालून, खिळ्याचे टोक छाटून ठोकलेले असते. या पद्धतीला क्लिंकर म्हणतात. आतल्या बरगड्या लाकूड वाफेवर मऊ करून, गरम असतानाच वाकवून बसवलेल्या असतात. माझ्या डिंगीत असे खिळे किती आहेत ते मी एकदा मोजायला घेतले होते आणि सातशेच्या पुढे गेल्यावर कंटाळून सोडून दिले. प्रत्येक खिळ्याला दोन माणसे लागतात, एक बाहेरून घण धरणारा आणि एक आतून ठोकणारा. ही होडी आज कोणी बांधत का नाही, याचे निम्मे उत्तर या एका कामात आहे.

दुसरे आकर्षण शिडाच्या रचनेत आहे. तिला गंटर म्हणतात. या पद्धतीत डोलकाठी आखूड असते, आणि तिला समांतर अशी दुसरी काठी, जिला आपल्याकडचे जुने खलाशी परबाण म्हणत, शिडासह दोराने वर सरकवली की ती जवळजवळ उभी होऊन डोलकाठीची उंची वाढवते. वारा वाढला की परबाण खाली घ्यायचे, शीड गुंडाळायचे, आणि सगळ्या काठ्या होडीच्या लांबीत आडव्या ठेवून वल्ही हातात घ्यायची. जहाजावर जागा इंचाइंचाने मोजली जाते, म्हणून नौदलाला ही रचना सोयीची वाटली. मला ती वेगळ्याच कारणाने सोयीची ठरली : १४ फुटांच्या होडीत सगळे सामान १४ फुटांतच बसते, त्यामुळे घाटातल्या वळणावर टेम्पोच्या मागे काठी लोंबत नाही आणि तिला लाल फडके बांधावे लागत नाही.

या होड्या दुर्मिळ का झाल्या, याचे उत्तर लोक जुन्या वस्तूंविषयीच्या अनास्थेत शोधतात. मला ते पटत नाही. त्या दुर्मिळ झाल्या त्या अधिक सोयीच्या होड्या निघाल्या म्हणून. उफा फॉक्स यांनी आखलेल्या फायरफ्लाय या डिंगीचे सांगाडे दुसऱ्या महायुद्धानंतर फेअरी मरीन या कंपनीने विमानबांधणीतून आलेल्या तंत्राने, लाकडाचे पातळ पापुद्रे साच्यावर चिकटवून आणि भट्टीत दाबाखाली भाजून काढले. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉम यांनी आपले पहिले सुवर्णपदक याच होडीत मिळवले. १९५६ मध्ये जॅक होल्ट यांनी आखलेली एंटरप्राइज ही डिंगी आली. ती प्लायवूडची, १३ फूट ३ इंच लांबीची, शंभर किलोंच्या आतली. ती भारतात नौदलापासून एन.सी.सी.पर्यंत सर्वत्र पसरली. पुढे १९६० च्या दशकात खुद्द ब्रिटिश नौदलाने इयान प्रॉक्टर यांनी आखलेली 'बोसन' ही १४ फुटी फायबरची डिंगी स्वीकारली आणि लाकडी डिंगीची पाळी संपली. ज्या नौदलाने ही होडी सांभाळली, त्यानेच ती सोडली, आणि माझ्या मते योग्यच केले. शंभर कॅडेटना शिकवायचे असेल तर मीसुद्धा फायबरच घेईन.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याने ही डिंगी एका प्रशिक्षण जहाजावरची असल्याची कथा रंगवून सांगितली. कागद एकही नव्हता, म्हणून कथेला मी शून्य रुपये मोल दिले आणि लाकूड बघायला बसलो. खरेदी करणाऱ्यांना माझा सल्ला असा की, खिशात चाकू ठेवावा आणि तो कण्याच्या, म्हणजे कोकणात ज्याला पठाण म्हणतात त्याच्या, दोन्ही टोकांशी आणि सेंटरबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मधोमध खाली सोडता आणि वर घेता येणाऱ्या पात्याच्या, पेटीच्या बुडाशी रुतवून पाहावा. सागवान असेल तर टोक अडते. कुजलेले असेल तर लोण्यात जावे तसे जाते. माझी होडी सागवानी निघाली, ही नशिबाची गोष्ट. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मलबारी सागात बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे, यावरून सागवानाच्या आयुष्याची कल्पना यावी. पण सागवान टिकले तरी खिळे टिकतातच असे नाही. मधल्या काळात कोणीतरी वीस-पंचवीस ठिकाणी तांब्याऐवजी लोखंडी खिळे मारले होते, आणि त्या प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड शाई सांडल्यासारखे काळे पडून भुसभुशीत झाले होते. ते सगळे काढून, भोके बुजवून, शेजारी नवे तांब्याचे खिळे मारावे लागले.

याहून मोठे नुकसान लांबीने, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाने, केले होते. फळ्यांमधून पाणी येते म्हणून विकणाऱ्याने सगळ्या फटींत इपॉक्सीची कडक लांबी भरून वरून निळा रंग मारला होता. दिसायला होडी आरशासारखी दिसत होती, आणि मी तिथे फसलो. कोरड्या लाकडाच्या फटीत कडक लांबी भरली की, पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते तेव्हा त्याला सरकायला जागा उरत नाही, आणि सगळा ताण खिळ्यांवर येऊन फळी चिरते. माझ्या होडीची डावीकडची तळाची फळी अशीच हातभर चिरलेली होती. रंगवलेली क्लिंकर होडी विकत घेऊ नये. रंग खरवडून दाखवायची तयारी नसेल त्याच्याकडून तर मुळीच घेऊ नये.

दुरुस्तीसाठी मालवणकडचे एक वयस्क मेस्त्री आठ दिवस माझ्या घरी येऊन राहिले. त्यांनी चिरलेली फळी बदलली, लांबी पटाशीने कोरून काढली, आणि रिकाम्या फटी तशाच सोडून दिल्या. त्या फटींतून दिवसा उजेड दिसत होता. मी अस्वस्थ होऊन आता यात काय भरायचे असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "काय एक भरूक नको. तिका आधी पानी पिऊक देवा, मगे काय ता बोला." आम्ही होडी अंगणात सुलटी ठेवली, आत पोती अंथरली आणि नळाची रबरी नळी सोडली. पहिल्या संध्याकाळी पाणी जेवढे आत जात होते तेवढेच खालून बाहेर येत होते आणि अंगणाचे तळे झाले होते. दुसऱ्या सकाळी धारांच्या जागी थेंब उरले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी होडीखाली निजून बॅटरीच्या उजेडात एकेक सांधा पाहिला, तर तळाच्या चार फळ्यांच्या सांध्यांत ओलसर रेघ होती आणि बाकी सगळे मिटले होते. लहानपणी गावाकडे उन्हाळ्यात गाडीची चाके खिळखिळी झाली, आऱ्या वाजू लागल्या, धाव सुटायला आली की आजोबा गाडी रात्रभर ओढ्यात उभी करून ठेवत. सकाळी चाक पुन्हा घट्ट झालेले असे. मेस्त्रींना ही गोष्ट सांगितली, तर त्यांनी नुसती मान हलवली. यात सांगण्यासारखे काय आहे, असा त्यांचा चेहरा होता.

सुट्या भागांच्या बाबतीत मात्र कोल्हापूरसारखे गाव नाही. वल्ही अडकवायचे गनमेटलचे आकडे बाजारात कोठेच मिळेनात, तेव्हा शिल्लक राहिलेला एक जुना आकडा घेऊन मी उद्यमनगरात गेलो. तेथल्या एका छोट्या फौंड्रीवाल्याने तो हातात फिरवून पाहिला, आटल्यावर माप कमी भरू नये म्हणून लाकडी पॅटर्न किंचित मोठा करून घेतला, आणि दहा दिवसांत चार आकडे ओतून, कानस मारून हातात दिले. ते मूळ आकड्यापेक्षा जाड आहेत आणि तीन वर्षांत त्यांना काहीही झालेले नाही. पंपाचे भाग ओतणाऱ्या माणसाने होडीचे काम इतक्या सहज करावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

शिडाचा अनुभव याच्या अगदी उलट होता. इचलकरंजीहून जाड सुती कापड आणले आणि ताडपत्री शिवणाऱ्या एका कारागिराकडे मापे दिली. शिलाई पक्की झाली, कापड उत्तम होते, पण शीड तंबूच्या कनातीसारखे सपाट झाले. शिडाचे पट्टे कडेला किंचित वक्र कापून जोडावे लागतात, तेव्हा वाऱ्यात त्याला पोट येते आणि ते होडीला ओढते. सपाट शीड नुसते फडफडते. दोष त्या कारागिराचा नाही, मीच त्याला हे सांगायला हवे होते. शेवटी मुंबईहून टेरिलीनचे सुमारे ११० चौरस फुटांचे शीड शिवून आणले, आणि एकूण खर्चातला सर्वांत मोठा आकडा त्याचाच ठरला. सुती शीड आता गाडीवर झाकण म्हणून वापरतो. शुद्धतावादी नाके मुरडतील; पण सुती शीड प्रत्येक वेळी वाळवून ठेवावे लागते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात काही वाळत नाही, हे त्यांना सांगावेसे वाटते.

आता प्रत्यक्ष पाण्यातल्या वर्तनाविषयी. आम्ही ती राधानगरी तालुक्यातल्या एका जलाशयात, रीतसर परवानगी काढून आणि लाइफ जॅकेट घालून चालवतो. मार्चपासून दुपारी तीननंतर घाटमाथ्यावरून पश्चिमेचा वारा येतो, आणि तो सरळ येत नाही. डोंगराच्या घळींतून झोताझोताने येतो. हलकी फायबरची डिंगी अशा झोतात दचकते. ही होडी आधी थोडी कलते, मग विचार केल्यासारखी थांबते, आणि मग चालू लागते. तेवढ्या अवधीत दोर सैल सोडायला वेळ मिळतो. झोत ओसरला तरी अंगच्या वजनामुळे ती वेग टिकवून पुढच्या झोतापर्यंत पोचते. चढीव फळ्यांच्या कडांखालून पाणी जाताना एक सतत खुळखुळ आवाज येतो, आणि वाऱ्याचा वेग वाढला की त्या आवाजाची पट्टी चढते. महिन्याभरात मी शिडाकडे न पाहता कानाने वेग ओळखू लागलो. फायबरची होडी डबा बडवल्यासारखी वाजते, हे तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही मान्य करावे लागेल. १७८९ मध्ये 'बाउंटी' जहाजावरच्या बंडखोरांनी कॅप्टन ब्लाय यांना १८ साथीदारांसह नौदलाच्या २३ फुटी उघड्या लाँचमध्ये उतरवून दिले, आणि ते ४७ दिवसांत सुमारे ३,६०० सागरी मैल काटून तिमोरला पोचले. आमचा जलाशय तीन तासांत पालथा घालता येतो. पण होडीवर विसंबून राहता येणे म्हणजे काय, हे तेवढ्यातही कळते.

दोष पुष्कळ आहेत. दिशा बदलताना ती फार सावकाश वळते. वेग कमी असताना सुकाणू फिरवले तर मधेच वाऱ्यात अडकून उभी राहते आणि मग वल्ह्याने ढकलावे लागते. शर्यतीत हिचा काही उपयोग नाही, कारण हलकी डिंगी जशी पाण्यावर घसरत सुटते तशी ही कधीच सुटत नाही. उचलायला चार माणसे लागतात, आणि चौथा माणूस नेहमी उशिरा येतो. बुडण्यापासून वाचवणारे हवेचे कप्पे हिच्यात मुळात नव्हते. उलटली तर लाकूड असल्याने तरंगेल, पण पाण्याने काठोकाठ भरलेली, म्हणून बाकांखाली हवेच्या पिशव्या बांधून घ्याव्या लागल्या, आणि त्या दिसायला वाईट दिसतात. सेंटरबोर्डची पेटी जिथे पठाणाला मिळते तो सांधा तीन वर्षांत एकदाही पूर्ण कोरडा राहिलेला नाही. एप्रिलमध्ये जलाशयाचे पाणी उतरले की काठाच्या काळ्या चिखलाने त्या पेटीची फट भरते आणि लोखंडी पाते अडकून बसते. मग एकाने होडी कलती धरायची आणि दुसऱ्याने चिखलात गुडघे टेकून पट्टीने कोरायचे.

वर्षाकाठी देखभालीला १५ हजारांच्या आसपास जातात, आणि पैशांपेक्षा दिवस जास्त जातात : खरवडणे, पॉलिश पेपर मारणे, आतून जवसाचे तेल देणे, बाहेरून व्हार्निशचे तीन हात. ज्यांच्या घराला अंगण किंवा शेड नाही, त्यांनी या फंदात पडू नये. ज्यांना महिन्यातून एखादाच रविवार मिळतो त्यांनीही पडू नये, कारण न वापरल्याने ही होडी जेवढी बिघडते तेवढी वापरल्याने बिघडत नाही. ज्यांना होडी चालवण्याइतकेच होडीपाशी नुसते बसणेही आवडते, आणि घरच्यांची ज्याला हरकत नाही, अशा माणसाने मिळाली तर जरूर घ्यावी. मात्र ८५ हजार देऊ नयेत. माझ्या होडीच्या फटींतली लांबी आणि लोखंडी खिळे मी आज पाहिले असते तर ५० हजारांच्या वर गेलो नसतो.

एक बाब मात्र कोल्हापूरच्या हवेसाठी आवर्जून सांगायला हवी. पावसाळ्यात होडीची काळजी नसते, हवाच ओली असते; लाकूड सुकून फटी पुन्हा उघडण्याचा खरा धोका मार्च ते मे या काळात, दोन फेऱ्यांच्या मधल्या पंधरा दिवसांत असतो. त्या दिवसांत मी लोखंडी पाते काढून ठेवतो, होडीत ओली पोती अंथरतो आणि त्यांवर जाडे मीठ टाकतो, कारण गोड्या पाण्याने ओले राहिलेले लाकूड कुजते आणि खाऱ्या पाण्याने राहिलेले टिकते. हंगामात २० किलो मीठ लागते. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराने पहिल्या वर्षी, यंदा लोणची किती घालणार, असे विचारले होते. आता मार्च लागला की तो मिठाची पोती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो.